कागदाची ओळख कागदाबरोबर

पेशवाईतील पत्रव्यवहाराचा अभ्यास करणाऱ्याला एक अडचण पदोपदी भेटते, ती अशी की पत्रात चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, असतो, महिना असतो, पण सन पुष्कळदा नसतो. लिहिणाऱ्याला तो ठाऊक होता, ज्याला लिहिले त्यालाही ठाऊक होता, आणि कोणी तिसराच इसम दीडदोनशे वर्षांनी हा कागद उलगडून बसेल ही कल्पना दोघांच्याही मनाला शिवण्याचे कारण नव्हते. परिणामी त्या एका गाळलेल्या आकड्यासाठी राजवाडे, खरे, सरदेसाई या इतिहाससंशोधकांच्या पिढीला पत्रातील नावे, फौजांचे मुक्काम आणि प्रसंग यांची एकमेकांशी रुजुवात घालीत बसावे लागले. सरदेसायांच्या संपादकत्वाखाली 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे जे 45 खंड निघाले, त्यांमागील श्रमांत या कालनिर्णयाचा वाटा लहान नव्हता.

वास्तविक त्या काळचे कारकून निष्काळजी मुळीच नव्हते. आलेल्या पत्रावर ते केव्हा पोचले त्याची पैवस्ती लिहिली जाई, जाणाऱ्या पत्राच्या शेवटी मोर्तब होई, आणि आवक-जावकीची बारनिशी तर इंग्रजी अमदानी ओलांडून आजच्या सरकारी कचेरीतही नांदते आहे. कागदातील मजकुराखेरीज कागदाविषयीचा मजकूर वेगळा राखावा, हा शिरस्ता आपल्याकडे इतका मुरलेला असताना, तोच कागद संगणकावर तयार होऊन संकेतस्थळावर चढू लागताच हा शिरस्ता नेमका कोठे गळून पडला, हे पाहण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय घ्यावा. माथ्यावर विषय, त्याखाली विभागाचे नाव, निर्णयाचा क्रमांक, मंत्रालयाचा पत्ता आणि दिनांक. मग ज्यांच्या आधारे निर्णय झाला त्या पूर्वीच्या निर्णयांची संदर्भसूची, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष हुकूम, आणि अखेरीस तो संकेतस्थळावर उपलब्ध केला असून त्याचा संकेतांक अमुक आहे हे वाक्य. हा संकेतांक 18 अंकी असतो, आणि तो निरर्थक अंकांचा ढीग नव्हे: पहिल्या आठ अंकांत वर्ष, महिना व दिवस, पुढच्या अंकांत वेळ आणि शेवटच्या दोहोंत विभागाची खूण असते. विभाग, दिनांक, विषयातील शब्द किंवा हा संकेतांक यांपैकी काहीही हाती असले, तर गडहिंग्लजचा शिक्षक किंवा गडचिरोलीचा ग्रामसेवक घरबसल्या निर्णय हुडकून काढू शकतो. माझ्या मते मराठी राज्यकारभाराने गेल्या काही दशकांत सामान्य माणसाला दिलेल्या सोयींत ही फार वरच्या क्रमांकाची आहे, आणि ती सर्वस्वी कागदाविषयीच्या नोंदींवर उभी आहे.

परंतु शासन निर्णय म्हणजे सगळे सरकारी कागद नव्हेत. नगरपालिकांचे ठराव, निविदा, परीक्षांच्या सूचना, विद्यापीठांची परिपत्रके, सहकारी संस्थांचे अहवाल, ग्रंथालयांच्या याद्या, असे कितीतरी दस्तऐवज रोज महाजालावर टाकले जातात आणि त्याच क्षणी अनामिक होतात. असा एखादा पीडीएफ उघडून त्याचे गुणधर्म दाखवणारी चौकट पाहावी. शीर्षकाच्या रकान्यात 'मायक्रोसॉफ्ट वर्ड – न्यू फायनल टू डॉट डॉक' असे काहीतरी आढळते, लेखकाच्या रकान्यात 'ॲडमिन' किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीचे नाव, आणि विषय, शोधशब्द, भाषा हे रकाने कोरे. (दस्तऐवजाला 'फायनल' म्हटल्यावर त्याला 'टू' का लागावे, हा प्रश्न कचेरीत कोणी कोणाला विचारीत नाही.) गंमत अशी की कागदाच्या माथ्यावर विषय ठसठशीत अक्षरांत छापलेला असतो; माणसाला जे दिसते ते सगळे व्यवस्थित, आणि यंत्र जेथे आधी पाहते तेथे मात्र सामसूम. ब्राउझरच्या टॅबवर जे नाव झळकते ते याच शीर्षकाच्या रकान्यातून येते, आणि शोधयंत्रेही निकालाचा मथळा ठरवताना त्याकडे पाहतात. तेव्हा तो रकाना रिकामा ठेवणे हे लखोट्यावर पत्ता न घालता तो टपालपेटीत टाकण्यासारखे आहे.

कागदावर सह्या-शिक्के उमटवून, त्याचे छायाचित्र काढून तेच प्रसिद्ध करण्याची आपल्याकडे जी रीत पडली आहे, तिच्यामुळे तर ही उणीव दुप्पट होते. कारण तेथे मजकूर हा मजकूर न राहता चित्र झालेला असतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने आहेत आणि ती सुधारतही आहेत, तरी वाकड्या ठेवलेल्या कागदावरील, शिक्क्याखाली दबलेल्या देवनागरीची ती अजून भंबेरी उडवून देतात. अशा दस्तऐवजात शीर्षक आणि विषय यांचे दोन रकाने भरलेले असले, तर शोध घेणाऱ्याच्या हाती निदान एक धागा लागतो.

या रकान्यांत काय लिहावे याचा विचार जगाने पूर्वीच करून ठेवला आहे. 1995 च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील ओहायो संस्थानाच्या डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकज्ञ एकत्र बसले, आणि महाजालावरील कोणत्याही दस्तऐवजाचे वर्णन करण्यास पुरतील असे मोजके घटक त्यांनी ठरवले. आरंभी ते तेरा होते, पुढे पंधरा झाले: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहकारी, दिनांक, प्रकार, स्वरूप, संकेतांक, मूळ स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. 'डब्लिन कोअर' हे नाव ऐकून अनेकांना आयर्लंडची राजधानी आठवते, तिचा येथे काही संबंध नाही. ही यादी शासन निर्णयाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहिली, तर बहुतेक घटक आपला टंकलेखक रोज लिहीतच असतो असे दिसून येईल; 'संबंध' म्हणजे आपली संदर्भसूची, आणि एखादा निर्णय अधिक्रमित झाला असेल तर तीही नोंद त्याच सदरातली. काम नवे नाही, ते फक्त दुसऱ्या जागीही करावयाचे आहे.

ती जागा कोठे असते हे ज्यांना स्वतः पाहायचे असेल, त्यांनी वर्डच्या एखाद्या डॉक्स फाइलीची नक्कल करून तिच्या नावाचे शेपूट 'झिप' असे बदलावे व ती उघडावी. फाइल ही वस्तुतः एक पेटी आहे असे ध्यानात येईल. तीत 'डॉकप्रॉप्स' नावाच्या कप्प्यात दोन लहान याद्या सापडतात: एकीत शीर्षक, कर्ता, शेवटचा हात कोणी फिरवला त्याचे नाव आणि तयार झाल्याचा क्षण, दुसरीत संस्थेचे नाव आणि फाइलीवर एकंदर किती मिनिटे काम झाले त्याचा हिशेब. लिब्रेऑफिसच्या फाइलीत हेच 'मेटा' नावाच्या यादीत असते, आणि तेथेही घटकांची नावे डब्लिनचीच आहेत. पीडीएफ करताना ही माहिती सहसा पुढे जाते. पण मुळातच रकाने कोरे असतील तर पुढे जाणार काय?

मराठीपुरत्या दोन गोष्टी येथे मुद्दाम सांगावयास हव्यात. पहिली फाँटची. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती असल्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर पानावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. आणि गुणधर्मांच्या रकान्याला फाँट निवडण्याची सोय नसल्याने तेथे तो मजकूर चिकटवताच सारे बिंग फुटते. म्हणून शीर्षक युनिकोडमध्येच लिहिले पाहिजे, मग आतील मजकूर कशातही असो. दुसरी गोष्ट भाषेच्या रकान्याची. मराठी, हिंदी आणि नेपाळी एकाच लिपीत लिहिल्या जात असल्यामुळे केवळ अक्षरांवरून भाषा कोणती हे यंत्राने तर्काने ठरवावे लागते. भाषेच्या जागी मराठीची ठरलेली 'एमआर' ही दोन अक्षरी खूण असली, तर दृष्टिहीन वाचकाचा पडदावाचक मराठी आवाज निवडू शकतो. नसली, तर तोच ठराव त्याला हिंदी किंवा इंग्रजी वळणाने वाचून दाखवला जाण्याचा संभव असतो. एका रकान्याच्या आळसामुळे एखाद्या नागरिकाला आपल्याच गावचा ठराव परक्या उच्चारात ऐकावा लागणे, हे मला तांत्रिक न्यून वाटत नाही, असभ्यपणा वाटतो.

दिनांकाविषयी इतकेच, की 05/06 असे लिहिल्यास तो 5 जून की 6 मे हे वाचणाऱ्यावर सोपवल्यासारखे होते. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवावा.

आता या नोंदींची दुसरी बाजू. आपण जे लिहीत नाही तेही फाइल लिहून ठेवते. 2003 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाने इराकविषयीचे एक टिपण वर्डच्या फाइलीत प्रसिद्ध केले, आणि त्यातील मोठा भाग एका संशोधकाच्या लेखातून उचललेला असल्याचे उघडकीस आले, तेव्हा ती फाइल कोणाकोणाच्या संगणकावरून गेली याची यादी तिच्या पोटातच सापडली. 2005 साली अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात पोलिसांना अनेक वर्षे चकवणारा खुनी डेनिस रेडर पकडला गेला, तो त्याने स्वतःच पाठवलेल्या फ्लॉपीतील एका पुसलेल्या फाइलीत चर्चचे नाव आणि 'डेनिस' हा शब्द शिल्लक राहिल्यामुळे. तेथे अशा खुणा उरल्या हे इष्टच झाले. परंतु एखाद्या कनिष्ठ लिपिकाचे नाव त्याने न घेतलेल्या निर्णयाला कायमचे चिकटून राहणे न्याय्य नव्हे. वर्डमध्ये 2007 च्या आवृत्तीपासून असा अनावश्यक तपशील तपासून पुसण्याची सोय आहे, आणि कर्त्याच्या रकान्यात व्यक्तीऐवजी कार्यालयाचे नाव घालणे केव्हाही बरे.

शोधशब्दांच्या रकान्यावर मात्र फार भिस्त ठेवू नये. वेबपानांवर लोकांनी त्याचा इतका दुरुपयोग केला, की क्रम लावताना आपण शोधशब्दांची ती पट्टी विचारात घेत नाही असे गूगलने 2009 मध्ये जाहीर केले. स्वतःच्या संस्थेच्या संग्रहात ते शब्द उपयोगी पडतात, पण ठरावीक शब्दसूचीतूनच घेतले तर; एकाने 'पाणीपुरवठा', दुसऱ्याने 'नळयोजना' आणि तिसऱ्याने 'जलप्रदाय' लिहिले, तर तिघांचे कागद एकमेकांना कधीच भेटणार नाहीत.

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचिबद्ध आणि अनुक्रमित ठेवण्याचे बंधन कलम 4 मध्येच, म्हणजे नागरिकाच्या अर्जाच्या तरतुदीपूर्वी, घातले आहे. कायद्याची वाट न पाहता वाचकांपैकी जे एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे, वाचनालयाचे किंवा शाळेचे चिटणीस असतील, त्यांना विनंती एवढीच, की पुढच्या सभेचे इतिवृत्त संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी फाइलीच्या गुणधर्मांत शीर्षक, संस्थेचे नाव, भाषा आणि पूर्ण सनासह दिनांक हे चार रकाने भरावेत. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते कागद तयार करणाऱ्यानेच करावयाचे आहे, कारण पुढे ते दुसऱ्या कोणाला करणे फार अवघड जाते.