सर्फबोर्ड निवडताना सुताराची नजर

सर्फबोर्ड कोणता घेऊ, असं विचारायला मला कनेरगाव नाक्यावर फोन येतात, याचं गावात नवल करतात. वाशीम-हिंगोली रस्त्यावरचं हे गाव. पाणी म्हणावं तर पैनगंगेचं, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण मी सुताराच्या घरातला. गोव्यात आधी होड्यांचं फायबरकाम केलं आणि मग मोरजी-आश्वे भागात फुटके सर्फबोर्ड दुरुस्त करत राहिलो. आता पुण्यात नोकरीला लागलेली आमच्याकडची पोरं सुटीत गोव्याला जातात, लाटेवर उभं राहायला शिकतात, आणि परत आली की प्रश्न काकाला. सोबत फोटो असतो: सहा फुटी, पातळ, टोकदार, पांढराशुभ्र बोर्ड. मी सांगतो, बाळा, हा घेऊ नको.

बोर्ड उलटा करून बघा. मधून उभी गेलेली लाकडाची बारीक पट्टी दिसते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. तिच्या आसपास पेन्सिलीने किंवा छापून आकडे दिलेले असतात: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, आणि शेवटी लिटर. लोक लांबी वाचतात आणि थांबतात. खरा आकडा शेवटचा. बोर्डाचं एकूण आकारमान म्हणजे हे लिटर. एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलो वजन पेललं जातं, हा आर्किमिडीजचा शाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू आहे. फोटोतल्या त्या बोर्डावर २८ लिटर लिहिलेलं असतं आणि विचारणारा पोरगा ७० किलोचा. त्यावर पालथं पडलं की बोर्ड पाण्याखाली बसतो, छाती पाण्याला अडते, आणि हातांनी पाणी मारून मारून खांदे गळून जातात. लाट पकडायच्या आधीच दम संपतो.

मग कसलेले खेळाडू तेवढ्याच वजनाला २६-२८ लिटरवर कसे खेळतात? त्यांचे दंड तयार असतात, लाट नेमकी कुठे उठणार ते त्यांना कळतं, आणि त्यांच्या लाटेला जोर असतो. बोर्डाने वेग धरला की तो पाण्यात तरंगत नाही, पाण्यावरून घसरतो; खालचं पाणीच त्याला उचलून धरतं. रुंद, लांब बोर्ड कमी वेगात घसरायला लागतो, अरुंद बोर्डाला जास्त वेग लागतो. पावसाळा सरल्यापासून मे महिन्यापर्यंत गोव्याच्या वाळूच्या किनाऱ्यांवर लाट बहुतेक दिवस गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी, आणि मऊ असते. ती लाट पातळ बोर्डाला ढकलतच नाही. पावसाळ्यात लाट मोठी होते, पण तेव्हाचा दर्या नवख्याचा नाही. जून-जुलैत मच्छीमारसुद्धा बंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात.

म्हणून माझा ठोकताळा असा: नवख्याने आपल्या वजनाच्या किलोइतके तरी लिटर घ्यावेत, थोडे जास्तच. ७० किलोला ७० ते ८० लिटर, म्हणजे आठ-नऊ फुटी, बावीस इंचांच्या पुढे रुंद बोर्ड. वरून मऊ फोमचा असला तर फारच बरं. डोक्यावर आपटला तरी कवटी शाबूत राहते.

हवाईचे जुने लोक हे जाणून होते. त्यांचा ‘ओलो’ नावाचा अतिशय लांब बोर्ड विलीविली नावाच्या हलक्या लाकडाचा असे. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं झाड. हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला, कारण पांगाऱ्याचा ओंडका किती हलका लागतो ते मी लहानपणापासून उचलून बघितलेलं आहे. आखूड, पातळ ‘अलाया’ मात्र कोआ किंवा नीरफणसाच्या लाकडाचा करत. कोणत्या लाटेला कोणतं लाकूड आणि किती लांबी, हा हिशेब त्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी मांडलेला होता. पुढे १९३५ साली टॉम ब्लेकने बोर्डाखाली पहिली फिन, म्हणजे पातं बसवलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचे बोर्ड काढले आणि लाकूड मागे पडलं. रंधा मात्र राहिला. हाताने घडवलेल्या बोर्डाचा फोमचा ठोकळा अजूनही रंध्याने आणि जाळीच्या कागदाने घासूनच आकाराला येतो.

बोर्ड जमिनीवर ठेवून बाजूने, डोळा खाली आणून पाहा. नाक आणि शेपूट वर उचललेली दिसतात. या बाकाला रॉकर म्हणतात, आणि आकारात मी सगळ्यात आधी तोच बघतो. आमचे आबा वखर जुळवताना पासेचा कल असाच डोळ्याने बघायचे: कल जास्त झाला तर पास मातीत घुसते, कमी झाला तर वरून सरकत जाते. बोर्डाचं नाक फार सपाट असेल तर उभ्या लाटेत ते पाण्यात घुसतं आणि माणूस पुढे फेकला जातो. नाक फार वर उचललेलं असेल तर बोर्ड पाणी ढकलत बसतो आणि वेग मरतो. आपल्या मऊ लाटेला कमी बाक चांगला, फक्त नाकाचं शेवटचं वीतभर उचललेलं हवं.

मग कडेवरून हात फिरवा. कड गोल आणि जाड असेल तर पाणी तिला चिकटून वर वळतं; बोर्ड स्थिर राहतो, चुका सांभाळून घेतो. शेपटीकडे खालची धार बोटाला लागत असेल तर पाणी तिथे सुटतं, वेग आणि वळण मिळतं. नवख्याच्या बोर्डाला पुढे, मध्ये गोल कड आणि शेवटी थोडी धार एवढं पुरे. शेपूट चौकोनी की माशासारखी, यावर पोरं तासभर वाद घालतात. पहिल्या बोर्डाला त्याने फारसा फरक पडत नाही. फिनचंही तेच. तीन फिनची रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने आणली, १९८१ साली बेल्स बीचची स्पर्धा तिच्यावर जिंकली, आणि आज बहुतेक बोर्डांना तीच असते. लांब बोर्डाला मधली एक मोठी फिनही छान चालते.

जुना बोर्ड घ्यायचा असेल तर रंगाला भुलू नका. अंगठ्याने सगळीकडे दाबत जा, विशेषतः उभं राहायच्या जागी. कुठे पापुद्रा सुटल्यासारखा दबला तर आतला फोम आणि फायबर वेगळे झालेत. उन्हात किंवा गाडीच्या टपावर तापलेल्या बोर्डांचं असंच होतं. फिनच्या खाचेभोवती केसासारख्या भेगा आहेत का बघा. बोर्ड उचला, दिसतो त्यापेक्षा जड लागला तर आत पाणी मुरलंय.

आणि विकणाऱ्याला विचारा, आत पॉलियुरेथेन आहे की थर्माकोलसारखा दाणेदार ईपीएस. ईपीएसला फक्त इपॉक्सी रेझिन चालतं. होडीवाल्याकडचं पॉलिस्टर रेझिन त्यावर ओतलं तर फोम डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो. दुरुस्तीला नेताना ही गोष्ट कारागिराला आधी सांगा, आणि सांगता येत नसेल तर भेगेतून आतला दाणा त्याला दाखवा.