गळाला न लागणारा इलिश

होडी हळूहळू वल्हवायची आणि मागे लांब दोरीला गळ सोडून द्यायचा. पाण्यातून ओढले जाणारे आमिष पळत्या माशासारखे दिसते. मोठा मासा झडप घालतो आणि अडकतो. समुद्रात सुरमई अशी सापडते. पण हीच युक्ती कोलकात्याला हुगळी नदीत इलिशसाठी करून पाहिली, तर दिवसभर वल्ही मारून हात तेवढे दुखतील. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या या माशाला गळाचे कसले आकर्षण?

इलिश म्हणजे हिलसा. आपल्याकडे त्याला पाला किंवा भिंग म्हणतात. तो राहतो समुद्रात, पण पावसाळ्यात नद्या फुगल्या की अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध पोहत गोड्या पाण्यात शिरतो.

मग बंगालच्या कोळ्यांनी होडीबरोबर गळाऐवजी जाळेच ओढत न्यायला सुरुवात केली. ‘सांगला’ हे त्यांचे जुने जाळे मोठ्या बटव्यासारखे असते. त्याचे तोंड उघडे ठेवून ते खोल सोडतात. होडी प्रवाहाबरोबर वाहू द्यायची, वल्ह्याने फक्त दिशा सांभाळायची. जाळ्यातून वर आलेली एक दोरी कोळ्याच्या हातात असते. आत मासा शिरला की दोरीला बारीकसा हिसका बसतो आणि तो झटकन तोंड मिटवून घेतो. रात्रीच्या अंधारात, गढूळ पाण्यावर, सगळी भिस्त त्या हातावर! आता बहुतेक होड्यांवर नायलॉनची लांबलचक जाळी दिसतात. पाण्यात ती पडद्यासारखी उभी राहतात आणि होडीबरोबर वाहत जातात. मासा कल्ल्यांपाशी अडकतो.

जाळी वाढली, मासा मात्र घटला. पूर्वी इलिश गंगेतून थेट अलाहाबादपर्यंत जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि त्याची ती वाट जवळजवळ बंद पडली. त्यात प्रदूषणाची आणि बारीक जाळ्यांची भर.

बंगाली घरांत या माशाला विश्रांती देणारी एक जुनी रीत आहे. विशेषतः पूर्व बंगालातून आलेल्या अनेक कुटुंबांत कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतर इलिश बंद होतो, तो थेट वसंत पंचमीला, सरस्वतीपूजेच्या दिवशी पुन्हा घरात येतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तसेच हे. आश्विनात अंडी घातली जातात आणि हिवाळाभर पिल्ले नदीत वाढतात. रीत घालणाऱ्यांना हे ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण हिशेब बरोबर जुळतो.

आता कायदाही आहे. पश्चिम बंगालमध्ये २३ सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश पकडायला व विकायला मनाई आहे. तरी कोलकात्याच्या बाजारात ‘खोका इलिश’ येतोच. खोका म्हणजे बाळ! मोठा इलिश परवडत नाही, म्हणून गृहिणी हा स्वस्त मासा पिशवीत टाकते. तिला तरी किती दोष द्यायचा?

लहान मासा परत सोडून द्यावा, असे आपल्याला सहज वाटते. पण इलिश फार नाजूक; पाण्याबाहेर आला की लगेच मरतो. होडीतून परत टाकलेला बहुधा मेलेलाच असतो. म्हणून त्याला सोडायचे की धरायचे हे नदीवर ठरतच नाही. ते ठरते कोळी दुकानात जाळे विकत घेताना, त्याच्या भोकाचा आकार निवडतो तेव्हा. मोठ्या भोकाचे जाळे घेतले तर पिल्ले निसटतात, पण एखाद्या रात्री होडी रिकामीही परत येते.