असमकालिक क्रियांची पूर्तितपासणी

एखादे काम सुरू करून दिल्यावर ते संपण्याची वाट न पाहता मूळ आज्ञावली पुढील कामास लागते आणि सोपविलेले काम मागाहून, आधी निश्चित न सांगता येणाऱ्या वेळी पुरे होते. अशा कामास संगणकशास्त्रात असमकालिक क्रिया म्हणतात. हे काम पुरे झाले की नाही व झाले असल्यास त्याचे फलित काय, हे जाणून घेण्यासाठी आज्ञावलीकाराला उपलब्ध करून दिलेल्या आज्ञा, त्यांची संभाव्य उत्तरे आणि त्या उत्तरांचे ठरलेले अर्थ यांची मांडणी म्हणजे पूर्तितपासणीचे अंतरापृष्ठ (एपीआय) होय. चुंबकीय चकतीवरील माहिती वाचण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत आधुनिक प्रक्रियक लक्षावधी आज्ञा पार पाडू शकतो. हा अवधी वाया जाऊ नये, हा असमकालिक पद्धतीचा मूळ हेतू आहे.

पूर्ती कळण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत : (१) काम संपेपर्यंत थांबून राहणे, (२) अधूनमधून विचारणा करणे, (३) काम संपताच सूचना मिळण्याची व्यवस्था करणे. पहिला मार्ग सोपा आहे, पण त्यात असमकालिकतेचा लाभ जातो. दुसऱ्यात विचारणा फार वेळा केल्यास प्रक्रियकाचा व जालाचा वेळ खर्ची पडतो, तर फार विरळ केल्यास पूर्ती उशिरा कळते. म्हणून दोन विचारणांमधील अंतर क्रमाक्रमाने वाढवीत नेतात. तिसरा मार्ग सर्वांत काटकसरीचा असला, तरी त्यात सूचना हुकण्याचा धोका असतो. ‘अजून नाही’ असे उत्तर मिळाल्यानंतर, परंतु आज्ञावली सूचनेची वाट पाहू लागण्यापूर्वी काम संपले, तर सूचना येऊन जाते आणि आज्ञावली कायमची थांबून राहते.

सूचनेचा आशय आणि टिकाऊपणा यांविषयीचा हा प्रश्न संगणकापूर्वीचा आहे. भोर व वेल्हे परिसराच्या इतिहासातील दोन प्रसंगांवरून तो स्पष्ट होतो. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज विशाळगडाकडे जात असता हिरडस मावळातील बाजी प्रभू देशपांडे व बांदलांचे सैन्य यांनी घोडखिंड रोखून धरली. महाराज गडावर पोहोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार व्हावयाचे होते, असे परंपरा सांगते. तोफेचा आवाज क्षणात विरतो. त्या क्षणी तो ऐकू आला नाही, तर मागाहून ‘बार झाला काय?’ हे तपासण्याचे साधन नसते. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगड सर झाल्यावर तेथे लावलेल्या आगीचा उजेड वेल्ह्याजवळील राजगडावरून दिसला व त्यावरून गड आल्याचे महाराजांनी ओळखले, असे सभासदाच्या बखरीत आहे. उजेड काही काळ टिकणारा असल्याने तो नंतर पाहणाऱ्यालाही दिसू शकतो. मात्र त्यावरून मोहीम पुरी झाली एवढेच कळले. तानाजी मालुसरे पडल्याचे वर्तमान दुसऱ्या दिवशी जासुदाकरवी आले. पूर्ती आणि फलित या भिन्न गोष्टी असून त्यांची उत्तरे वेगळी मिळावी लागतात, हे अंतरापृष्ठाच्या आखणीतील मूलतत्त्व यात दिसते.

मागाहून मिळणाऱ्या फलिताचे प्रतिनिधित्व करणाऱ्या वस्तूची कल्पना १९७६–७७ च्या सुमारास ‘प्रॉमिस’ व ‘फ्यूचर’ या नावांनी मांडली गेली. पॉसिक्स या प्रमाणातील असमकालिक वाचन-लेखनात क्रियेची अवस्था विचारणे व फलित उचलणे यांसाठी दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. अवस्था कितीही वेळा विचारता येते, फलित मात्र एकदाच घ्यावयाचे असते. जावा भाषेत २००४ साली आलेल्या ‘फ्यूचर’मधील पूर्तितपासणी, काम यशस्वी झाले, त्यात बिघाड झाला किंवा ते रद्द केले गेले, या तिन्ही प्रसंगी ‘होय’ असेच उत्तर देते. हे ध्यानात न घेणारा आज्ञावलीकार ‘संपले’ म्हणजे ‘साधले’ असे समजून चालतो.

पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकात ट्रान्सप्युटर प्रकारचे प्रक्रियक होते. प्रत्येकाची स्मृती स्वतंत्र असल्याने त्यांना परस्परांस संदेश पाठवावे लागत आणि गणन चालू असतानाच संदेशवहन करण्याची सोय त्यांच्या रचनेतच होती. अशा यंत्रांसाठी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमपीआय या प्रमाणात संदेश पाठविण्यास आरंभ करणारी आज्ञा एक मागणीखूण देते. ती दाखवून ‘टेस्ट’ आज्ञेने न थांबता चौकशी करता येते, तर ‘वेट’ आज्ञेने पूर्ती होईपर्यंत थांबता येते. पाठविण्याची क्रिया पुरी झाली याचा अर्थ पाठविणाऱ्याची स्मृतिजागा पुन्हा वापरण्यास मोकळी झाली एवढाच असतो. संदेश पलीकडे पोहोचलाच असा नव्हे.

चांगल्या अंतरापृष्ठाची लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील : तपासणीची आज्ञा स्वतः थांबून राहू नये, तिने क्रियेच्या स्थितीत बदल करू नये, एकदा ‘पूर्ण’ असे उत्तर दिल्यावर पुन्हा ‘अपूर्ण’ असे कधीही सांगू नये, ‘पूर्ण’ म्हणताक्षणी फलित वाचण्यास सिद्ध असावे, आणि पूर्ती ही केवळ क्षणिक घटना म्हणून न कळविता अवस्था म्हणून नोंदलेली राहावी. या शेवटच्या अटीमुळे हुकलेली सूचना नंतरच्या विचारणेने भरून काढता येते. ठरलेली मुदत संपणे ही पूर्ती नव्हे, हेही आज्ञावलीत स्पष्ट दिसले पाहिजे.

या अटींचे व्यावहारिक महत्त्व एकीकृत देयक प्रणालीत (यूपीआय) दिसून येते. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने मुंबईहून २०१६ साली सुरू केलेल्या या प्रणालीत देयकाची मागणी पोहोचल्याची पोच प्रथम मिळते व प्रत्यक्ष फलित वेगळ्या संदेशाने मागाहून येते. भोर वा वेल्ह्याच्या डोंगराळ भागातील एखाद्या दुकानात पैसे देत असता संपर्क मध्येच तुटला, तर ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झालेली, परंतु दुकानदाराला पोहोचलेली नाही, अशी स्थिती संभवते. येथे उत्तर न येणे म्हणजे ‘अयशस्वी’ असे धरून नवे देयक केल्यास पैसे दोनदा जाऊ शकतात, आणि ‘यशस्वी’ धरल्यास दुकानदाराचे नुकसान होते. म्हणून ‘प्रलंबित’ ही स्वतंत्र अवस्था मानून त्याच व्यवहारक्रमांकाने पुन्हा चौकशी करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून वजा झालेली पण समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा न झालेली रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करावयाची असते. व्यापाऱ्यास दिलेल्या देयकाबाबत ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढील विलंबास प्रतिदिन १०० रु. भरपाई ठरविण्यात आली.

अलीकडील अनेक भाषांत ‘अवेट’सारखी रचना असून (उदा., सी शार्पमध्ये २०१२, पायथनमध्ये २०१५ पासून) पूर्ती तपासण्याचे काम बव्हंशी भाषांतरक व कार्यकालीन व्यवस्था यांवर सोपविले जाते. त्यामुळे आज्ञावली वाचण्यास सुलभ होते. तथापि दूरच्या यंत्राचे मौन हे यश की अपयश, याचा निर्णय कोणतीही भाषा परस्पर करू शकत नाही. त्यासाठी ‘अद्याप ठाऊक नाही’ या उत्तराला अंतरापृष्ठात स्वतंत्र स्थान ठेवावेच लागते.