भुंगेरे, विष आणि एक वाकडी रेघ

प्रबंध सादर करायच्या तारखा जवळ आल्या की कीटकशास्त्राची एम.एस्सी.ची मुलं माझ्याकडे येतात. लॅपटॉप, त्यात एक्सेलची फाइल, आणि एकच वाक्य: "सर, एलडी-५० निघालं. फक्त एकदा बघून द्या." गेल्या उन्हाळ्यात आलेल्या मुलीने तर स्क्रीन माझ्याकडे वळवून आधीच सांगून टाकलं, "आर-स्क्वेअर ०.९८ आहे, सर." म्हणजे पुढे बोलायची सोयच नाही.

एलडी-५० म्हणजे ज्या मात्रेला निम्मे जीव मरतात ती मात्रा. विष हवेत किंवा पाण्यात मिसळलेलं असेल, तर मात्रेऐवजी त्याचं प्रमाण मोजतात आणि एलसी-५० म्हणतात. कमी मात्रेला थोडे मरतात, जास्त मात्रेला बहुतेक सगळे, आणि मधली चढण इंग्रजी एस अक्षरासारखी वळते. मोजलेल्या ठिपक्यांमधून ही वाकडी रेघ बसवायची, एवढंच काम. सॉफ्टवेअर ते क्षणात करतं, म्हणूनच घोळ होतो.

"आर-स्क्वेअर ०.९८, म्हणजे वक्र बसला"

मी त्या मुलीला तिची फाइल बाजूला ठेवायला सांगितली आणि नव्वद वर्षांपूर्वीची आकडेवारी उघडली. चेस्टर ब्लिस या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९३५ साली ती प्रसिद्ध केली. आपल्या पिठाच्या डब्यात सापडतात त्या जातकुळीचे भुंगेरे, आठ गट, एकूण ४८१ किडे, कार्बन डायसल्फाइडची वाफ, पाच तास. लिटरमागे ४९.०६ मिलिग्रॅम या सगळ्यांत खालच्या प्रमाणाला ५९ पैकी ६ मेले. ६०.८४ ला ५६ पैकी बरोबर निम्मे, २८. सगळ्यांत वर, ७६.५४ ला, साठच्या साठ.

आता यावर लॉजिट नावाचा एस आकाराचा वक्र बसवा. टक्केवारीवरून आर-स्क्वेअर (रेघ ठिपक्यांना किती जुळते याचं माप; पूर्ण जुळली तर १) काढला तर तो साधारण ०.९८ येतो. छान. पण वक्राला विचारा, पहिल्या गटात किती मरायला हवे होते? तो म्हणतो साडेतीन, मेले सहा. चौथ्या गटात? तो म्हणतो ३४, मेले २८. म्हणजे वक्र खाली कमी सांगतो आणि मध्ये जास्त. आता कॉम्प्लिमेंटरी लॉग-लॉग नावाचा दुसरा वक्र घ्या. हा खालून सावकाश चढतो आणि वर पोचताना झटकन पुरा होतो, दोन्ही बाजूंनी सारखा नाही. तो पहिल्या गटात ५.६ आणि चौथ्यात ३०.४ सांगतो. आर-स्क्वेअर? ०.९९. दोन्हींत फरक शंभराव्या भागाचा. डेव्हियन्स नावाचं न जुळण्याचं माप घेतलं, तर मात्र लॉजिटचा ११.२ आणि याचा ३.५. एस आकाराच्या ठिपक्यांतून एस आकाराची कुठलीही रेघ काढली तरी आर-स्क्वेअर गोडच बोलतो.

"मग काय झालं सर, एलसी-५० तर तेच येतं ना?" तिचा प्रश्न रास्त होता. जवळजवळ तेच येतं. प्रोबिट या तिसऱ्या वक्राने ५९.०, लॉजिटने ५९.१, लॉग-लॉगने ६०.१. मधल्या भागात ठिपके दाटीने असतात, म्हणून कुठलाही वक्र तिथे फार भरकटू शकत नाही. पण हजारात एक किडा मरेल असं प्रमाण विचारा: प्रोबिट म्हणतो ४१, लॉजिट ३७, लॉग-लॉग ३०. यातल्या एकाही आकड्याजवळ ब्लिसने किडा ठेवलेला नव्हता; त्याचं मोजमाप ४९ पासून सुरू होतं. त्याखालचं जे आहे ते आपण निवडलेल्या सूत्राचं आहे, भुंगेऱ्यांचं नाही. आणि 'किती मात्रेपर्यंत धोका नाही' हा प्रश्न लोक नेमका तिथलाच विचारतात. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यांत महागडा गैरसमज आहे, म्हणून त्यावर एवढा वेळ घेतला.

"शून्य आणि शंभर टक्क्यांचे गट वगळायचे"

हा सल्ला जुन्या आलेख-कागदावरून आलेला आहे. प्रोबिटच्या पट्टीवर शंभर टक्के म्हणजे अनंत. ठिपका मांडणार कुठे? म्हणून कोणी तो गट गाळायचं, कोणी ९९.५ लिहायचं. पण साठपैकी साठ मेले ही माहिती आहे, अडचण नाही. ब्लिसच्या त्याच १९३५ च्या लेखाला संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने परिशिष्ट जोडलं होतं, आणि एकही वाचला नाही अशा गटाचं काय करायचं हाच त्याचा विषय. फिशरची रीत, जास्तीत जास्त शक्यतेची, आजच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप चालते. तिला मेलेले आणि एकूण हे दोन आकडे द्यावे लागतात, टक्केवारी नाही.

इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. आर या संगणकीय भाषेतलं डीआरसी हे पॅकेज या कामासाठी पुष्कळ जण वापरतात. त्यात डीआरएम हा आदेश देताना 'बायनोमियल' असं सांगितलं नाही आणि गटातल्या किड्यांची संख्या दिली नाही, तर ते तुमच्या आकड्यांना उंची-वजनासारखी सलग मोजमापं समजतं. मग दहापैकी पाच आणि हजारपैकी पाचशे त्याच्या लेखी सारखेच. वक्र निघतो, चूक दाखवणारा लाल संदेश येत नाही. एक्सेलमध्ये प्रोबिटच्या तक्त्यातले आकडे टाकून 'ट्रेंडलाइन' ओढली तरी हेच होतं.

कंट्रोल गटाचंही असंच. विष न दिलेल्यांत २० टक्के मेले आणि विष दिलेल्यांत ६०, तर विषाने मेले ४० टक्के, असं सरळ वजा करून चालत नाही. विषाला मारायला मुळात ८० टक्केच उरले होते. त्यातले ४० मेले, म्हणजे ५० टक्के. अॅबटचं हे सूत्र १९२५ चं आहे आणि अजून कामाचं आहे. पण कंट्रोलच्या गटात किडे थोडेच असतील तर ते २० टक्केही अंदाजाचेच असतात. तेव्हा आधी दुरुस्ती करून मग वक्र बसवण्यापेक्षा नैसर्गिक मृत्यू वक्रातच एक घटक म्हणून घ्यावा.

"दोन सॉफ्टवेअरची उत्तरं जुळत नाहीत, म्हणजे एक चुकलं"

एकदा एका विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकाप्रमाणे हाताने गणित केलं आणि आरमधलं उत्तर शेजारी लिहिलं. उतार जुळला, पण रेघेच्या स्थिरांकात बरोबर पाचाचा फरक. दोन रात्री त्याने चूक शोधली. चूक नव्हतीच. हाताने आकडेमोड करायच्या काळात ऋण संख्यांचा त्रास नको म्हणून प्रोबिटमध्ये पाच मिळवायची पद्धत होती. यंत्राला तो त्रास नाही, म्हणून ते मिळवत नाही. असेच छोटे करार सगळीकडे असतात: लॉग दहाच्या पायाचा की नैसर्गिक, डीआरसीत चढत्या वक्राचा उतार ऋण का दिसतो. एलडी-५० जुळलं की बाकीचं सहसा एकाच घराला दिलेले दोन पत्ते असतात.

जिथे खरोखर वेगळं उत्तर येतं ते '५० टक्के' कशाचे यावरून. डीआरसीसोबत रायगवताची नमुना आकडेवारी मिळते: फेरुलिक आम्ल वाढवत नेलं की मुळांची लांबी कमी होते. वक्र ७.७९ सेंटिमीटरवरून निघतो आणि ०.४८ वर टेकतो. पॅकेज न विचारता या दोन टोकांच्या मध्यावरची, म्हणजे ४.१४ सेंटिमीटरची मात्रा देतं: ३.०६ मिलिमोलर. मूळ लांबीच्या निम्म्याची मात्रा हवी असेल तर ती ३.२० च्या आसपास. इथे फरक किरकोळ आहे. पण एखादं तणनाशक वाढ १०० वरून ६० पर्यंतच खाली आणत असेल, तर पॅकेजचं '५० टक्के' म्हणजे ८० टक्के वाढ, आणि खरी निम्मी वाढ त्या वक्रावर कुठेच नाही. प्रबंधात यातलं कुठलं हे लिहिलेलं मला क्वचितच सापडतं.

"एलडी-५० जास्त, म्हणजे औषध सुरक्षित"

हा गैरसमज दुकानापर्यंत पोचलेला आहे. कीटकनाशकाच्या डब्यावरचा त्रिकोण तोंडावाटे दिलेल्या विषाच्या एलडी-५० वरून ठरतो: शरीराच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५००० पर्यंत निळा, त्यावर हिरवा. पण हे माप १९२७ साली ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने मांडलं ते डिजिटॅलिससारख्या औषधांच्या वेगवेगळ्या घाण्यांचा जोर ताडून बघायला, कोणाला निर्धास्त करायला नव्हे. दोन विषांचं एलडी-५० सारखं असूनही एकाची चढण उभी आणि दुसऱ्याची आडवी असू शकते. आडवीवाल्याचे पहिले मृत्यू फार खालच्या मात्रेला सुरू होतात. वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात जाण्याबद्दल तर हा आकडा काहीच बोलत नाही. आणि त्रिकोण एका डब्यापुरता असतो. पंपात दोन-तीन औषधं एकत्र ओतली की त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणी छापलेला नसतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळकडे कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, तेव्हापासून हा मुद्दा मी मुलांना वर्गात सांगतो.

त्या मुलीच्या फाइलकडे शेवटी परत आलो. पाच मात्रा, प्रत्येकीला दहा किडे. खालच्या दोन्हींत एकही मेला नव्हता, वरच्या दोन्हींत दहाच्या दहा, आणि मधल्या एकीत सहा. ०.९८ या आकड्याला आधार होता तो मधल्या एकाच ठिपक्याचा. आरमध्ये योग्य पद्धतीने वक्र बसवला, तेव्हा उताराची प्रमाणचूक उताराच्या कित्येक पट आली. कुठलाही उभा उतार या पाच ठिपक्यांना चालत होता.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने वहीत मधल्या मात्रेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मात्रा लिहिल्या, दर मात्रेला तीन बरण्या, बरणीत वीस किडे. बेरीज करून कंट्रोलचे मिळवले. तेवढे भुंगेरे पुन्हा वाढवायला महिना-सव्वा महिना लागणार होता, तेव्हा गाईडना मुदतवाढीचा अर्ज कसा लिहायचा, हे विचारून ती गेली.