हृदय केवळ पंप नव्हे, ग्रंथीही!

हृदय म्हणजे रक्ताचा अखंड चालणारा पंप, अशीच दीर्घकाळ समजूत होती. मात्र हृदय संप्रेरकेही निर्माण करते, हे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. दम लागलेल्या रुग्णाच्या निदानाला त्यामुळे नवे साधन मिळाले.

ब्रुनो किश यांना १९५६ मध्ये गिनीपिगच्या हृदयातील वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, सूक्ष्म कण दिसले. त्यांचे प्रयोजन मात्र उमगले नव्हते. कॅनडातील अडोल्फो डी बोल्ड व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अलिंदांचा अर्क उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीतून बाहेर पडणारे सोडियम तीस पटींहून अधिक, तर लघवीचे प्रमाण दहा पटींनी वाढले.

हा परिणाम घडवणारा पदार्थ ओळखणे कठीण होते. ऊतकात असंख्य प्रथिने असतात आणि पेप्टाइडचे तुकडे करणारी विकरेही असतात. त्यामुळे अर्क रेणूंचा आकार व विद्युतभार यांनुसार टप्प्याटप्प्याने विभागला जातो, प्रत्येक भागाची परिणामकारकता तपासली जाते आणि प्रभावी भाग पुन्हा शुद्ध केला जातो. जपानमधील केंजी कांगावा व हिसायुकी मात्सुओ यांनी १९८४ मध्ये मानवी अलिंदांतून हे पेप्टाइड वेगळे करून त्याची रचना उलगडली. ती २८ अमिनो आम्लांची साखळी निघाली. त्याला 'एएनपी' म्हणतात. अलिंद ताणले गेले की ते रक्तात मिसळते. मग मूत्रपिंडे मीठ व पाणी बाहेर टाकतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि हृदयावरील भार हलका होतो.

याच संशोधकांच्या गटाला १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत 'बीएनपी' हे भावंड सापडले. नावात 'ब्रेन' असले तरी माणसात ते प्रामुख्याने हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, तयार होते. हृदय दुर्बल झाले की रक्तातील त्याची पातळी वाढते. साहजिकच, दम हृदयामुळे लागतो की फुफ्फुसामुळे, हे ठरवताना डॉक्टरांना ही रक्तचाचणी उपयुक्त ठरते. पातळी कमी असल्यास हृदय निकामी होत असल्याची शक्यता बरीच मावळते. मात्र वाढते वय व मूत्रपिंडाचे विकार यांमुळे ती वाढू शकते, तर स्थूल व्यक्तींत कमी आढळते. म्हणून केवळ आकड्यावर विसंबून न राहता रुग्णाची तपासणी व इकोकार्डिओग्राफी यांची जोड द्यावी लागते.

ही पेप्टाइडे नष्ट करणाऱ्या विकराला रोखणाऱ्या सॅक्युबिट्रिल व व्हाल्सार्टन या संयुक्त औषधाला २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. अलिंदातील त्या कणांचे प्रयोजन अशा रीतीने थेट रुग्णाच्या उपचारापर्यंत पोहोचले आहे.