सुट्टीत बॅटरी कशी ठेवाल?

परीक्षा संपली की रूमला कुलूप लावून आपण घरी पळतो. कपाटात पॉवर बँक, प्रोजेक्टचे लिथियम सेल, जुना मोबाईल तसेच पडून राहतात. आमच्या पांढरकवड्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात जातो. स्लॅबखालच्या बंद खोलीचं तर विचारूच नका! मग सुट्टीनंतर बॅटरी ‘बसलेली’ सापडते. असं का होतं?

वापर नसला तरी सेलमध्ये रासायनिक क्रिया चालूच असतात. त्यामुळे चार्ज आपोआप उतरतो. यालाच सेल्फ-डिस्चार्ज म्हणतात. लिथियम-आयन सेलमध्ये तो साध्या तापमानाला महिन्याला जेमतेम २-३ टक्के असतो; उष्णतेत वाढतो. हा उतरलेला चार्ज पुन्हा भरता येतो, पण कायमची घटलेली क्षमता परत येत नाही. ४० टक्के चार्ज करून २५ अंशांवर ठेवलेला सेल वर्षभरात साधारण ४ टक्के क्षमता गमावतो. तोच फुल चार्ज करून ४० अंशांवर ठेवला तर सुमारे ३५ टक्के!

अगदी रिकामा ठेवणंही वाईट. व्होल्टेज २.५ च्या बरंच खाली गेलं की आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुढे चार्ज करताना शॉर्ट होण्याची भीती असते.

म्हणून निघण्यापूर्वी एवढं करा:

१. चार्ज ४०-५० टक्क्यांवर आणा (मल्टिमीटरवर एका सेलला साधारण ३.७ ते ३.८ व्होल्ट).
२. सुटे सेल उपकरणातून काढून टोकांना चिकटपट्टी लावा.
३. खालच्या मजल्यावर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा.
४. दोन-तीन महिन्यांनी व्होल्टेज तपासा.

फुगलेली बॅटरी मात्र चार्जला लावू नका आणि कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.