‘छावा’ पाहिलात, आता तुळापूर गाठा

१४ फेब्रुवारी २०२५ ला ‘छावा’ लागला आणि भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लोकांनी शिफ्टा सांभाळून तो पाहिला. विकी कौशल आणि अक्षय खन्ना यांच्या कामाची चर्चा भरपूर झाली. मात्र लक्ष्मण उतेकरांचा हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या संभाजीराजांवरच्या १९७९ च्या कादंबरीवर बेतलेला आहे, हे विसरलं की गल्लत होते.

चिटणिसांच्या बखरीने संभाजीराजांना व्यसनी, उच्छृंखल ठरवलं आणि पुढे नाटकांनी तेच चित्र गिरवलं. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये साधनं तपासून चरित्र लिहिलं, तेव्हा ते पुसायला सुरुवात झाली. मग कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ आला. सावंतांनी या संशोधनानंतर राजांचं मन रंगवलं. दोन वर्षांचं असतानाच आई गेलेलं मूल, नवव्या वर्षी पाहिलेला आग्रा, संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा युवराज, मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटात जाऊन परतलेला मुलगा, असा हा ऐवज आहे.

चित्रपट मात्र शिवरायांच्या निधनानंतर सुरू होतो, म्हणजे यातलं बरंचसं आधीच घडून गेलेलं असतं. हाती उरतं ते युद्ध. बऱ्हाणपूरच्या छाप्यात राजे खड्ड्यात पडतात आणि सिंहाचा जबडा फाडतात. १६८१ ची बऱ्हाणपूरची लूट मोगल इतिहासकार खाफीखानाने नोंदवली आहे. हा सिंह मात्र पडद्याचा. राजांच्या लेझीम नृत्यावर आक्षेप आला, ते काढलं गेलं. शिर्के घराण्याच्या वंशजांनी पूर्वजांच्या फितुरीच्या चित्रणाला हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकाने माफी मागितली. इतिहासावर कादंबरी आणि कादंबरीवर चित्रपट, अशा दोन पायऱ्या उतरल्यावर हे होणारच. कलाकृतीला तेवढी मोकळीक हवी. तिच्या जिवावर इतिहासाचे वाद घालू नयेत, इतकंच.

मोगलांनी संगमेश्वरला पकडलेल्या राजांची हत्या ११ मार्च १६८९ रोजी झाली. देहू, मोशी, आळंदी करत कारखान्यांच्या कडेने वाहणारी आपली इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, तेच हे हत्येचं ठिकाण. आळंदीहून मरकळमार्गे रस्ता आहे आणि पलीकडे वढू बुद्रुकला समाधी आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जा. आणि जाण्यापूर्वी कादंबरीबरोबर बेंद्रे किंवा गोखले यांचं चरित्रही वाचा.